मदत हवी आहे: मणक्याच्या फ्युजननंतर विडी चालते का?

घाईत_गणपा: बाबांचं मणक्याचं फ्युजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन, झालंय, स्क्रू बसवलेत. परवा एक्स-रे बघून सर्जन म्हणाले, हाड अजून भरलेलं नाही, विडी बंद करा. बाबा म्हणतात, स्क्रू पक्के आहेत ना, मग विडीचा काय संबंध? खरंच संबंध आहे का? घरात रोज वाद चाललाय, लवकर सांगा.

अस्थिमित्र: किती महिने झाले? कोणकोणते मणके जोडलेत? शुगर? गोळ्या कोणत्या? तोवर एवढं कळू द्या त्यांना: स्क्रू आणि रॉड हा हाड जुळेपर्यंतचाच आधार. मध्ये भरलेल्या हाडाच्या चुऱ्यात आजूबाजूच्या हाडातून नव्या रक्तवाहिन्या शिरल्या तरच तिथे हाड बनतं. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, हाड बनवणाऱ्या पेशींना मंदावतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. हाड जुळलंच नाही तर सगळा भार धातूवर येतो. स्क्रू सैल होतात नाहीतर रॉड तुटतो.

कांडवेलप्रेमी: कांडवेलीचा रस सुरू करा. हाडं सांधणारी वेल आहे ती.

अस्थिमित्र: फ्रॅक्चरमध्ये तुटलेलं हाड आपणहून जुळू पाहतं. इथे मुळात वेगळे असलेले मणके एक करायचेत. विडी चालू ठेवून रस पाजण्यात काय अर्थ?

घाईत_गणपा: पाच महिने. एल४ ते एस१, म्हणजे कमरेच्या चौथ्या मणक्यापासून खाली माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीपर्यंत. शुगर नाही. दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक. विडी दोनवर आणलीय. सकाळी मिश्री लावतात, ती पण धरायची का?

चौकस: हे आधी सांगायचं ना! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. धूर नाही, पण निकोटीन आहेच. आता आकडे. ग्लासमन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात एल४-एल५ किंवा एल४-एस१ फ्युजनचे ३५७ रुग्ण होते, सगळ्यांना स्क्रू बसवलेले. धूम्रपान न करणाऱ्यांत १४.२ टक्क्यांचं हाड जुळलं नाही, ऑपरेशननंतरही ओढत राहिलेल्यांत २६.५ टक्क्यांचं. नंतर सहा महिन्यांहून जास्त बंद ठेवणाऱ्यांत १७.१. म्हणजे आता सोडूनही फायदा आहे.

रोखठोक: पाच महिन्यांत जुळलं नाही म्हणजे फ्युजन फेल. दुसरं ऑपरेशन करून टाका.

अस्थिमित्र: उगाच घाबरवू नका. निकाल साधारण वर्षाने लावतात, आणि तोही पातळ कापांच्या सीटी स्कॅनवर. साध्या एक्स-रेवर धातूमागचं हाड नीट दिसत नाही. स्क्रूभोवती काळी कड दिसली किंवा कमी झालेलं दुखणं परत वाढलं तर मात्र लगेच दाखवा.

लिंबूटिंबू: गादी कापसाचीच घ्या, स्प्रिंगची नको.

चौकस: गादी कोणी विचारली? गणपा, २ मिलिग्रॅमचा निकोटीन गम आणा. झणझणलं की चघळणं थांबवून गालात धरायचा, सुपारीसारखा चावत बसायचा नाही.

अस्थिमित्र: गम नको. हाडाला निकोटीनच नको आहे. तंबाखू सोडवणारी व्हॅरेनिक्लीनची गोळी असते, तिच्यात निकोटीन नसतं. कोर्स १२ आठवड्यांचा, डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा, डोस कमी करावा लागतो.

चौकस: गममध्ये कार्बन मोनॉक्साइड तरी नाही. विडी-मिश्रीपेक्षा केव्हाही बरा.

अस्थिमित्र: बरा, मान्य. पण सर्जनने लघवीची कोटिनीन तपासणी (निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ) सांगितली तर गमवरही पॉझिटिव्ह येणार, तेव्हा त्यांना विचारूनच. आणि ते डायक्लोफेनॅक परस्पर देणं थांबवा. त्या जातीच्या गोळ्या हाड जुळण्याच्या काळात बरेच सर्जन टाळतात. चिठ्ठीवर आहे का ते?

घाईत_गणपा: चिठ्ठीवर पॅरासिटामॉल आहे. व्हॅरेनिक्लीन सर्जनच देतील की दुसरीकडे जायचं?

चौकस: सर्जन किंवा फॅमिली डॉक्टर, दोघंही देऊ शकतात. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी क्विटलाइन १८००-११२-३५६, फोन फुकट. बाबांनाच बोलायला लावा.