मदत हवी: जुना पीएस२ (प्लेस्टेशन २ गेम कन्सोल) नवीन ४३ इंची टीव्हीवर फार धुरकट दिसतोय

महालकर_धाकटा:
नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. दादाने २००८ साली पहिल्या पगारातून स्लिम पीएस२ घेतला होता, तेव्हा घरी २१ इंची डब्बा टीव्ही होता आणि त्याच्यावर चित्र इतकं छान दिसायचं की उन्हाळ्याच्या सुट्ट्या आम्ही कूलरसमोर बसून त्यातच काढल्या. तो टीव्ही दोन वर्षांमागे भंगारात दिला, आता फार वाईट वाटतं. दादा पुण्याला असतो, यंदा महालक्ष्म्यांना पोराला घेऊन घरी येतोय, म्हणून म्हटलं कन्सोल माळ्यावरून काढून लावून ठेवावा. लावला आणि पहिल्याच झटक्यात सुरू झाला, मेमरी कार्डवर आमचे जुने सेव्हसुद्धा तसेच आहेत!

पण चित्र बघवत नाही हो. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरने जोडलाय. बारीक अक्षरं वाचता येत नाहीत, लाल रंग शेजारी ओघळतो, कडांवर मुंग्या चालल्यासारखं दिसतं, सगळी माणसं बुटकी न् जाडी झालीत, आणि बटण दाबलं की उडी जरा उशिराच बसते. मग बर्डीच्या बाजारातून एव्ही टू एचडीएमआयची छोटी डबी आणली, तिच्यावर ७२०/१०८० चं बटण आहे, दुकानदार म्हणाला एकदम एचडी होईल. काहीच झालं नाही. टीव्हीत खोट आहे, कन्सोल म्हातारा झालाय की वायर खराब आहे? हजार-दीड हजार घालायची तयारी आहे.

सर्किटप्रेमी:
भाऊ, तिघांतही खोट नाही. पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेत कालवून येतात, टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात आणि ते कधीच पूर्ण सुटत नाहीत, त्या मुंग्या त्याच्याच. डब्बा टीव्हीवर हे झाकलं जायचं. तुम्ही आणलेली डबी तोच कालवलेला सिग्नल घेऊन नुसता मोठा करते, १०८० चं बटण दाबून नसलेले बारकावे येणार कुठून.

तुम्हाला पाहिजे कंपोनंट वायर, हिरवी-निळी-लाल आणि आवाजाच्या दोन, अशी पाच पिनांची. रंग वेगळे येतात, फरक लगेच कळतो. पण आधी टीव्हीच्या मागे ती सॉकेटं आहेत का बघा, हल्ली बऱ्याच टीव्हींतून काढून टाकलीत. नसतील तर पीएस२ च्या मागच्या पोर्टलाच बसणारा एचडीएमआय अडॅप्टर मिळतो, तो आतून हाच कंपोनंट सिग्नल घेतो, म्हणून तुमच्या डबीपेक्षा बराच बरा.

एक गोष्ट विसरू नका. जुनी पिवळी वायर काढायच्या आधी, डिस्क न टाकता कन्सोल सुरू करा, सिस्टम कॉन्फिगरेशनमध्ये कंपोनंट व्हिडिओ आउट आहे, ते आरजीबीवर असेल तर वाय-पीबी-पीआरवर करा. नाहीतर नवीन वायरवर रंग भलतेच येतील आणि तुम्हाला वाटेल वायरच फसवी निघाली.

नंदनवन_९०:
वायर येईपर्यंत टीव्हीचं करून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. पिक्चर मोड गेमवर टाका, उडी उशिरा बसते ते टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो म्हणून. आकार १६:९ वरून ४:३ करा, बाजूला काळे पट्टे येतील ते येऊ द्या, माणसं सरळ होतील. शार्पनेस पार खाली आणा, जुन्या चित्रावर तो वाढवला की कडांना पांढरी किनार येते.

महालकर_धाकटा:
गेम मोडने उडीचं काम झालं, फार आभार! वायर ऑनलाइन मागवली, आज आली, सेटिंग आधीच बदललं होतं. पण आता चित्र स्वच्छ आहे आणि ब्लॅक अँड व्हाइट?? पिना तीनदा काढून घातल्या.

सर्किटप्रेमी:
हिरवं सॉकेट पिवळ्याच्या कामाचंही आहे ना? खाली व्हिडिओ किंवा एव्ही असंही लिहिलेलं असेल. टीव्ही त्याला अजून पिवळी पिनच समजतोय, हिरव्या तारेत फक्त उजेड असतो म्हणून रंग नाहीत. रिमोटवरून सोर्समध्ये एव्हीच्या जागी कंपोनंट निवडा.

महालकर_धाकटा:
आला रंग! काय सांगू तुम्हाला, आई स्वयंपाकघरातून बघायला आली. गवत वेगळं दिसतंय, स्कोअर वाचता येतोय. डब्बा टीव्हीसारखं नाही पण दादाला दाखवता येईल इतकं नक्की.

आता शेवटची अडचण. दादाच्या आवडीची डिस्क पीएस१ ची आहे, ती पीएस२ मध्ये टाकली की लोगोपर्यंत दिसतं आणि मग टीव्ही म्हणतो नो सिग्नल. डिस्क पुसून बघितली, आवाज सुरू असतो.

सर्किटप्रेमी:
आवाज आहे म्हणजे गेम चालू आहे. पीएस१ चे बहुतेक गेम २४० ओळींचे, पाल (PAL, भारत-युरोपातली टीव्ही पद्धत) असेल तर २८८. पूर्ण चित्र, पण निम्म्या ओळी. डब्बा टीव्हीला ते चालायचं, नवीन टीव्ही पुष्कळदा कंपोनंटवर ते घेतच नाहीत, आणि पिवळ्या पिनेवर घेतात ते ४८० ओळींच्या चित्राच्या अर्ध्या फ्रेमा समजून जोडतात, म्हणून सावल्या लुकलुकतात. सोपा उपाय म्हणजे त्या डिस्कपुरती पिवळी वायर. चांगला उपाय ओएसएससी किंवा रेट्रोटिंकसारखा स्केलर, तो २४० ओळखून ओळी नीट दुप्पट करतो, पण तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे जाईल, एका गेमसाठी मी तरी घ्या म्हणणार नाही.

नंदनवन_९०:
माझ्याकडे २१ इंची डब्बा टीव्ही पडून आहे, चालू आहे, रिमोट तेवढा नाही. घरी जागा नाही म्हणून बायको रोज विचारते. भंगारात घालायचं मन होत नाही, खेळणाऱ्याच्या घरी गेला तर मला बरंच वाटेल. पैसे नको. जड आहे, दोघं या.

महालकर_धाकटा:
अहो खरंच? दादा आला की आम्ही दोघं भाऊ येतो. एक बघून सांगाल का, मागे नुसतं पिवळं आहे की डीव्हीडी इन लिहिलेली हिरवी-निळी-लाल सॉकेटंही आहेत? असतील तर ही नवीन वायरच सोबत आणतो, तिथंच पीएस१ ची डिस्क लावून बघू.