अनुभव धागा : छोटी गाडी आतून-बाहेरून स्वच्छ आणि सुरक्षित कशी ठेवता?

चार मीटरच्या आतली गाडी घेणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे तिच्यासाठी बंद गॅरेज नसते. ती सोसायटीच्या मोकळ्या जागेत, रस्त्याच्या कडेला किंवा अंगणातल्या झाडाखाली उभी असते; तिच्यातूनच मुले शाळेत जातात, किराणा येतो आणि गणपतीला सगळे कुटुंब गावी जाते. गाडीच्या निगेविषयी जे सल्ले मिळतात ते मात्र बहुधा महागड्या गाड्या आणि महागडी उत्पादने डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. शिवाय कोकणातल्या गाडीला जे छळते ते विदर्भातल्या गाडीला छळत नाही. म्हणून सर्वांना विनंती आहे, की आपल्या गावी गाडीला सर्वाधिक त्रास कशाचा होतो आणि त्यावर कोणता उपाय खरोखर टिकला, हे सविस्तर लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. मी पुण्यात राहते. गाडीच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान धुळीने होत नाही, ती पुसण्याच्या पद्धतीने होते, असे माझे ठाम मत आहे. गाडीवरचे रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असतात आणि त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम ४० मायक्रॉनच्या आसपास असतो. वर्तमानपत्राचा कागदसुद्धा याहून जाड असतो. आमच्या भागात बांधकामे अखंड चालू असल्यामुळे गाडीवर बसणाऱ्या धुळीत वाळूचे आणि सिमेंटचे कण असतात, आणि सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसली की हेच कण त्या थरावरून घासत जातात. सोसायटीत एकाच बादलीत, एकाच फडक्याने ओळीने सगळ्या गाड्या पुसल्या जातात. अशा गाडीचे बॉनेट दुपारच्या उन्हात तिरके पाहिले, तर गोल-गोल बारीक ओरखडे स्पष्ट दिसतात.

आमच्याकडे येणाऱ्या काकांशी आम्ही काही जणांनी बोलून घेतले. आता ते रोज कोरडे पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, आधी टपावरून पाणी ओतून धूळ वाहून गेल्यावरच हात लावतात आणि त्यांचे पैसे आम्ही पूर्वीइतकेच ठेवले आहेत. शाम्पूची एक बादली, फडके खळबळायला साध्या पाण्याची दुसरी, आणि चाकांसाठी वेगळे फडके, एवढी शिस्त पुरते. भांड्यांचा साबण वापरू देऊ नये, कारण तो चरबीबरोबर रंगावरचे मेणही काढून टाकतो. बोअरचे पाणी जड असल्यास गाडी सावलीत धुऊन लगेच टिपून घ्यावी, नाहीतर पांढरे डाग पडतात. ते ताजे असतील तर व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून पुसल्यावर निघतात, मात्र नंतर स्वच्छ पाणी फिरवायला हवे.

रत्नागिरी

आपण रंगाविषयी लिहिलेत ते पटले, परंतु आमच्याकडे रंगाआधी पत्रा वाचवावा लागतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, खारी हवा आणि जांभ्याची तांबडी माती हे तिन्ही इथे एकत्र येतात, आणि गंज नेहमी न दिसणाऱ्या जागेतून सुरू होतो. प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. काचेवरून आत उतरलेले पाणी तिथूनच बाहेर पडते. तांबडी माती आणि पानांचा चुरा साठून ती भोके बुजली, की पाणी दाराच्या पोटात साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो; बाहेर फुगवटा दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. मी मे महिन्याच्या शेवटी आणि पावसातही अधूनमधून माडाच्या हिराने ती भोके मोकळी करतो. हीर लवचीक असल्यामुळे आतला रंग खरवडला जात नाही, म्हणून तार वापरू नये.

दुसरी जागा म्हणजे वायपरखालची जाळी. तिथे पाने कुजून पाण्याची वाट बंद झाली, तर पाणी ब्लोअरच्या मार्गाने शेजारच्या सीटच्या पायांपाशी उतरते आणि लोक उगाच दाराचे रबर बदलत बसतात. गाडी आंब्याखाली किंवा फणसाखाली उभी राहत असेल, तर बॉनेट उघडून ती जाळी हाताने साफ करण्याची सवयच लावून घ्यावी.

पावसाळ्यात आतल्या कापडी मॅट काढून ठेवून रबरी घालाव्यात. उघडीप मिळाली की चारही दारे आणि डिकी तासभर उघडी ठेवावी, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वाळू द्यावेत, कारण बुरशी सर्वांत आधी त्यांच्या गुंडाळलेल्या भागावर धरते. आंब्याच्या हंगामात डिकीत पेट्या ठेवण्याआधी ताडपत्री अंथरतो. पेंढ्याचा चुरा झाडता येतो, पण चिकाचा डाग कापडातून सहसा जात नाही. गाडीच्या पोटाखालचे गंजरोधक कोटिंग मात्र पाऊस पूर्ण थांबल्यावर, पत्रा खडखडीत वाळल्यावरच करून घ्यावे. ओलसर किंवा गंजलेल्या पत्र्यावर ते फासले, तर ओल आत कोंडली जाते आणि कोटिंगखाली गंज निवांत वाढत राहतो.

लातूर

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात आम्ही राहतो. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांना पाइप सोडून गाडी धुताना पाहवत नाही, आणि मला ही भावना योग्यच वाटते. कमी पाण्यातही गाडी नीट राहते, हे मी खात्रीने सांगू शकते. बिना-खळबळीचा, म्हणजे नंतर पाण्याने धुवावा न लागणारा, जो शाम्पू मिळतो, तो झाकणभर अर्ध्या बादलीत टाकावा. त्याने कण सुटून निसरडे होतात. चांगली चार-पाच मायक्रोफायबरची फडकी त्यात भिजवून ठेवावीत, फडक्याची घडी घालावी, प्रत्येक भागासाठी नवी बाजू वापरावी आणि वापरलेले फडके पुन्हा त्या बादलीत बुडवू नये. हात नेहमी टपापासून खाली, सरळ रेषेत फिरवावा. गाडीला चिखल लागलेला असेल तेव्हा ही पद्धत वापरू नये. आधी फवाऱ्याच्या पंपाने चिखल भिजवून उतरवावा. उरलेले पाणी आम्ही कुंडीला न घालता अंगणात शिंपडतो.

ठाणे

गाड्यांची स्वच्छता आणि पॉलिश हाच माझा व्यवसाय आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

रेल्वेमार्गाजवळ राहणाऱ्या ग्राहकांच्या पांढऱ्या गाड्यांवर तपकिरी ठिपके दिसतात आणि ते गंज समजून घाबरतात. चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण रंगावर बसून तिथेच गंजलेले असतात. खालचा पत्रा बहुधा चांगलाच असतो. लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण फवारले, की त्या ठिपक्यांतून जांभळे ओघळ येतात आणि मग ते धुतले जातात. रंग किती स्वच्छ आहे हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे धुतलेल्या, ओल्या बॉनेटवरून पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला हात हलकेच फिरवणे. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून खरखरीत लागला, तर त्यावर कण रुतलेले आहेत असे समजावे. ते क्ले बारने, म्हणजे असे कण उचलून घेणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, भरपूर ओलसरपणा ठेवून काढावेत.

आता कोटिंगविषयी. सिरॅमिक कोटिंगमुळे पाणी आणि मळ धरून राहत नाही, धुणे सोपे होते, चमक टिकते. दगड आणि किल्लीचा ओरखडा यांपासून ते वाचवत नाही. ओरखड्यांपासून काही प्रमाणात वाचवते ती पारदर्शक पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), कारण ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते. छोट्या गाडीला ती सर्वत्र लावण्याचा खर्च मला पटत नाही. दाराच्या कडा, हँडलमागची खोलगट जागा, जिथे नखांचे ओरखडे हमखास पडतात, आणि डिकीसमोरची बंपरची कड, एवढ्या ठिकाणी लावली तरी मोठा उपयोग होतो. बाकी अंगाला दर दोन-तीन महिन्यांनी चांगले मेण लावणे पुरेसे आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगला मशीनने रबिंग करून घेणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो, कारण प्रत्येक वेळी क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात आणि ते परत येत नाहीत.

आतली स्वच्छता म्हणजे डॅशबोर्डवर चकाकणारे सिलिकॉन पॉलिश, असा समज आहे. त्याने धूळ अधिक चिकटते आणि समोरच्या काचेत प्रतिबिंब पडते. स्टिअरिंग आणि पेडलवर तर ते धोक्याचेच आहे. ओलसर फडके आणि एसीच्या जाळ्यांसाठी रंगकामाचा मऊ ब्रश यांनी काम होते. एसीला कुबट वास येत असल्यास सुगंधी बाटली टांगण्याआधी ग्लोव्ह बॉक्समागचा फिल्टर काढून पाहावा, आणि घर जवळ आले की एसी बंद करून दोन-चार मिनिटे नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे आतील थंड जाळी वाळते.

नाशिक

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट लिहिते. दसऱ्याला गाडीची पूजा आम्ही मनोभावे करतो. बॉनेटवरचे हळदीकुंकू आणि बंपरला बांधलेला झेंडूचा हार मात्र रात्रीच्या दवात भिजू देत नाही. हळदीचा डाग उन्हाने हळूहळू फिका होतो, पण कुंकवातला कृत्रिम रंग पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बंपरमध्ये मुरतो. आम्ही आता स्वस्तिक काचेवर काढतो, हार दोऱ्याने बांधतो आणि संध्याकाळी उतरवतो. लिंबू चाकाखाली ठेवताना त्याचा रस अलॉयच्या (मिश्रधातूच्या) चाकावर उडाला, तर तोही लगेच धुवावा.

सांगली

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या कित्येक गाड्या सीटपर्यंत बुडाल्या. तेव्हा जे पाहिले आणि केले, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि सुरू करण्याच्या प्रयत्नातून झालेले हे नुकसान इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसल्यास विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत. आधी बॅटरीची तार सोडावी, फोटो काढावेत आणि गाडी उचलून न्यावी.

गाळ ओला असताना निघतो, वाळला की दगड होतो. विमा कंपनीची पाहणी होताच सीट काढून, गालिचा पूर्ण उचलून, त्याखालचा जाड नमदा बाहेर काढणे आवश्यक असते. वरून कोरडा दिसणारा हा नमदा आत कितीतरी दिवस पाणी धरून ठेवतो आणि तळाचा पत्रा त्यानेच सडतो. सीटखालच्या पिवळ्या जोडण्या एअरबॅगच्या असतात, त्यांना स्वतः हात लावू नये.

एरवी इथला नेहमीचा त्रास गळीत हंगामातला. साखर कारखान्याच्या बॉयलरमधून बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, काळी राख उडून रात्रभर गाडीवर पडत राहते. ती हलकी दिसते, पण तिच्यात सिलिका असते. ती फुंकून किंवा पाण्याने उडवावी. फडक्याने ओढू नये.

नागपूर

आमच्याकडे उन्हाळाच मुख्य. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हाताला चटका देतो. काळे फिल्म लावावे असे सर्वांनाच वाटते, परंतु २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. म्हणून गाडी उभी असताना समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावते. डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग दोन्ही वाचतात. वायपरचे रबर काचेला चिकटून कडक होते, त्यामुळे उन्हाळ्यात ते काचेपासून उचलून ठेवते. सॅनिटायझरची बाटली गाडीत ठेवू नये. त्यातले अल्कोहोल सांडले, की प्लॅस्टिकवर कायमचा पांढरा डाग राहतो.

टोरांटो

मूळची डोंबिवलीची आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि रत्नागिरीकरांनी लिहिलेले सगळे मला ओळखीचे वाटले. दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाखाली आणि दारांच्या आत तेलकट फवारा मारून घेतो. तो काही दिवस ठिबकतो, पण सांध्यांत शिरून मीठ बाहेर ठेवतो. तापमान शून्याच्या वर गेले की खालून धुऊन घेणे महत्त्वाचे, कारण मिठाचे पाणी थंडीत जेवढे खाते त्याहून अधिक उबेत खाते. धुतल्यावर दारांचे रबर कोरडे करून त्यावर सिलिकॉन लावावे, नाहीतर रात्री दार गोठते. बुटांबरोबर आलेल्या मिठाचे गालिच्यावरचे पांढरे डाग कोमट पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन निघतात.

पुणे

सर्वांचे मनापासून आभार. रत्नागिरीकरांना एक विचारायचे होते. गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर आपण कव्हर घालता का?

रत्नागिरी

पावसाळ्यात अजिबात नाही. ओल्या गाडीवर कव्हर घातले की आतली ओल कोंडते, रंगावर फोड येतात आणि उंदरांना आडोसा मिळतो. उन्हाळ्यात घालायचे असल्यास गाडी आधी धुतलेली असावी, आतून मऊ अस्तर असलेले हवा खेळती राहणारे कव्हर असावे आणि त्याच्या दोऱ्या खालून घट्ट बांधलेल्या असाव्यात. सैल कव्हर वाऱ्याने फडफडून धूळ रंगावर घासत राहते. आपल्याकडे बांधकामाची धूळ आहे असे आपण लिहिले आहे, त्यामुळे पुण्यात रोज कव्हर घालण्यापेक्षा गाडीवर मेण ठेवणे मला अधिक योग्य वाटते.