मदत हवी आहे: मनगट ताणायचं यंत्र कुणी वापरलंय का?

मंडळी, माझी थोरली बहीण हुपरीत चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडते. चिमटा धरून धरून तिचा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडतात. रात्री उठून हात झटकत बसते. नर्व्ह टेस्टमध्ये कार्पल टनेल निघालं. मनगटाच्या आठ छोट्या हाडांवरून जाड पट्टा जातो, त्याखालच्या बोगद्यात मीडियन नस दबलीय. डॉक्टरांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट दिलाय. उतार पडला नाही तर इंजेक्शन, शेवटी ऑपरेशन.

आता दाजींनी मोबाईलवर अमेरिकेतल्या कुण्या कायरोप्रॅक्टरनं (हातानं दाबून मणके-सांधे बसवणाऱ्यानं) काढलेलं यंत्र पाहिलंय. एक पट्टा कोपराखाली, दुसरा पंजाला, मधला स्क्रू फिरवून मनगट हळूहळू ताणायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात तसलंच करून घेऊ म्हणतात. मिळेलही, तिथं काय होत नाही! पण ताण किती किलोचा, किती वेळ, हे लेथवाला थोडंच सांगणार? मोडलेलं मनगट बसवताना बोटांत जाळीच्या नळ्या अडकवून हात टांगतात, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली.

कुणी असं यंत्र वापरलंय का? बधिरपणा कमी झाला की वाढला? कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगलीत फक्त हाताचं बघणारे फिजिओथेरपिस्ट असतील तर सुचवा. दिवाळीच्या ऑर्डरी घेतल्यात, त्यामुळं ‘काम बंद ठेवा’ हा सल्ला आत्ता चालणार नाही. आणि तेलं सुचवू नका, घरात बाटल्यांचं दुकान झालंय.