मदत हवी आहे: पुरवठादार-ग्राहक संबंधांचं 'वातावरण' मोजायचं आहे, सगळे पाचच लिहितात!

कोथरूडकर_सई: एमबीएचा प्रोजेक्ट आहे. विश्वास, सहकार्य, अवलंबित्व, संघर्ष यांवर २४ प्रश्न, १ ते ५ मोजपट्टी. ३१ जणांनी भरून दिलं, सगळीकडे ४ नाहीतर ५. गाईड म्हणतात, पुन्हा करा. सोमवारी दाखवायचंय. प्रश्न कसे बदलू? लवकर सांगा प्लीज.

मुळाकाठ: भरलं कोणी? खरेदी विभागाने की पुरवठादारांनी?

कोथरूडकर_सई: पुरवठादारांनी. चाकणची कंपनी आहे.

लेथवाला: आणि फॉर्म पाठवला कोणी?

कोथरूडकर_सई: कंपनीच्या खरेदीवाल्यांच्या मेलवरून गेला. माझ्या मेलला कोणी उत्तरच देत नव्हतं.

लेथवाला: मग पाचच येणार, ताई. पुढची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध कोण लिहून देईल? भोसरीत २३ वर्षं जॉबवर्क करतोय. गेल्या महिन्यात ४०० बुशमधले ६ ओव्हरसाइज निघाले. फोन नाही, काही नाही, थेट अख्ख्या लॉटचे पैसे कापल्याची डेबिट नोट. दुसरा ग्राहक अशा वेळी आधी फोन करतो, 'माणूस पाठवा, इथंच सॉर्टिंग करून घ्या.' हेच विचारा: माल रिजेक्ट झाला की आधी काय येतं, फोन की डेबिट नोट?

आकडेमोड: एका प्रसंगाला वातावरण म्हणत नाहीत. औद्योगिक खरेदी-विक्री संबंधांवर संशोधन करणाऱ्या आयएमपी गटाच्या १९८२ च्या मॉडेलमध्ये सत्ता-अवलंबित्व, सहकार्य-संघर्ष, जवळीक आणि परस्परांच्या अपेक्षा हे सगळं धरलंय. क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.७ च्या वर आहे का ते आधी बघा.

मुळाकाठ: सगळ्यांनी चार-पाचच लिहिलंय, उत्तरांत फारसा फरकच नाही, तर अल्फा काढून काय कळणार? लेथवाल्यांचा प्रश्न घ्या आणि खरेदीवाल्यांनाही तोच विचारा. दोन उत्तरांतलं अंतर हेच तुमचं मोजमाप.

वजावट: लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नाहीतर आयकरात त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळते. लघु उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घ्या.

आकडेमोड: त्या कर विचारत नाहीयेत.

रांजणगाव_रोज: तळेगाव चौकात टेम्पो दोन तास अडकतो आणि डिलिव्हरीचं रेटिंग आमचं पडतं. हेही घाला.

कोथरूडकर_सई: कॉलेजच्या मेलवरून नवी लिंक पाठवते. पण सोमवारपर्यंत भरतील का?

लेथवाला: लिंक नको. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी असते, पण बरेच मालक सकाळी शॉपवर येतात. छापील कागद घेऊन दहाला या, शेजारच्या चार गाळ्यांत मीच घेऊन जातो. फक्त कागदावर कंपनीचं नाव नको.