बरडावरचे गवत गेले आणि घळी वाढल्या: दोष नांगराचा की नाला खोलीकरणाचा?

मूळ मांडणी
नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे बेसाल्टच्या पठाराचा माथा उथळ आणि मुरमाड आहे, तर खोल काळी माती पायथ्याशी साचलेली आहे. या माथ्यावरच्या बरडावर, म्हणजे हलक्या मुरमाड जमिनीवर, गवत आणि झुडपे होती तोवर पाऊस थबकत, मुरत खाली येत असे. तीच जमीन कपाशी-सोयाबीनखाली आली की पिकाच्या पानांनी माती झाकण्याआधीच मोठ्या सरी उघड्या वावरावर कोसळतात, ओघळ एकत्र येतात आणि भेगाळलेल्या काळ्या मातीला पाणी तळातून पोखरते. त्यानंतर घळीचे तोंड पावसागणिक उताराच्या वरच्या बाजूला सरकत राहते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची, नोंदीत याच नावाने असलेली जमीन) ही वनजमीनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. पाणलोटाचा विचार करता तो मला अत्यंत योग्य वाटतो. उरलेला माथा तरी नांगराखाली जाऊ नये.

प्रतिसाद : एक कोरडवाहू शेतकरी
आपले म्हणणे मला मान्य नाही. आमच्या शिवारातली सर्वांत मोठी घळ नांगरलेल्या बरडाखाली नाही, ती रस्त्याच्या मोरीखाली आहे, कारण पूर्वी पसरून वाहणारे पाणी रस्ता झाल्यापासून त्या एकाच तोंडातून बाहेर पडते. दुसरे कारण नाला खोलीकरणाचे. यंत्राने नाल्याचा तळ खाली नेला, की त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाला संगमाशी अचानक उंच पडी (खाली कोसळण्याची उभी पायरी) मिळते, आणि ती पडी कापत कापत थेट आमच्या धुऱ्यापर्यंत (शेताच्या बांधापर्यंत) येते. हे काम आम्ही केलेले नाही. शिवाय ज्या निकालाचा आपण आधार घेता, त्यातच १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी वनयादीतून वगळण्याचा मार्ग ठेवलेला आहे. त्यामुळे बरड कसणारा प्रत्येक जण अतिक्रमण करणारा ठरत नाही.

प्रतिसाद : मृदा विषयाची अभ्यासक
खोलीकरणाबद्दलचा आक्षेप रास्त आहे. ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व पाणलोटाच्या प्रत्येक आराखड्यात असते, परंतु सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर) आणि अनघड दगडी बांध (न घडवलेल्या दगडांचे बांध) यांचे काम संथ व विखुरलेले असल्यामुळे पायथ्याच्या यंत्रकामाला आधी हात घातला जातो, हे मला फार खटकते. तरीही नांगर निर्दोष ठरत नाही. उताराच्या दिशेने काढलेले नांगराचे प्रत्येक तास (नांगराची रेघ) पाण्याची वाट होते. उताराला आडवी पेरणी आणि रुंद वरंबा-सरी पद्धत (रुंद वरंब्यावर पीक आणि दोन वरंब्यांमध्ये पाण्यासाठी सरी) यांना फारसा खर्च नाही.

प्रतिसाद : तोच शेतकरी
आडव्या पेरणीला माझा विरोध नाही, पण अरुंद आणि उताराच्या दिशेने लांबट वाटणी झालेल्या वावरात ट्रॅक्टर आडवा वळत नाही. शेजारच्या दोघातिघांनी धुरे मोडून एकत्र पेरणी केली, तरच ते जमेल. बरडावर गवत राखा असे सांगताना, त्या एकरातून बुडणारे उत्पन्न कोण भरून देणार, हे सांगावे. खोलीकरणाला निधी मिळतो, तर गवत राखणाऱ्यालाही मिळाला पाहिजे.

मूळ मांडणी करणाऱ्याचे उत्तर
मोबदल्याची मागणी मी पूर्णपणे मान्य करतो आणि ती ग्रामसभेच्या ठरावात यावी. मात्र मोबदला मिळेपर्यंत नवा बरड फोडू नये, या मतावर मी ठाम आहे, कारण तिथली वीतभर माती एकदा वाहून गेली की उरलेल्या मुरमावर गवतही नीट धरत नाही.