दालीचा विक्षिप्तपणा: मन की मिशी?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात घरी सात-आठ जण जमले होते. बोलता बोलता अतिवास्तववादाचा, म्हणजे स्वप्ने आणि सुप्त मन यांतून चित्र-साहित्य घडवू पाहणाऱ्या चळवळीचा, विषय निघाला आणि स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचे नाव येताच प्रत्येकाला त्याची मेण लावून वर वळवलेली मिशी आठवली. वितळलेली घड्याळे तिघाचौघांना आठवली. त्यापलीकडे त्याच्या एकाही चित्राचे नाव कोणाला सांगता आले नाही. यात जमलेल्यांचा दोष नाही, कारण ही व्यवस्था खुद्द दालीनेच चोख लावून ठेवली होती. माझे म्हणणे असे की त्याचा विक्षिप्तपणा हे विचारपूर्वक घेतलेले सोंग होते; त्याची चांगली चित्रे त्या सोंगातून नव्हे, तर अत्यंत शिस्तीच्या, सावध आणि हिशेबी डोक्यातून आली; आणि पुढे हे सोंगच इतके पोसले गेले की चित्रकार त्याच्या आड दिसेनासा झाला.

घड्याळांचेच चित्र घेऊ. ‘स्मृतीचा चिवटपणा’ हे १९३१ सालचे चित्र १९३४ पासून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. छापील प्रती पाहून आपण ते भिंतभर असेल असे धरून चालतो. प्रत्यक्षात ते २४ बाय ३३ सेंटिमीटरचे, म्हणजे ए-फोर कागदापेक्षा जेमतेम दोन-तीन बोटे मोठे आहे. त्यात मागे उजवीकडे उन्हाने पिवळे झालेले खडक दिसतात, तेही मनचे नाहीत. स्पेनमधल्या कातालोनियाच्या ईशान्य टोकाला काप दे क्रेउस नावाचे भूशिर आहे, तिथलेच ते खडक, आणि दालीचे पोर्त लिगातचे घर तिथून जवळच होते. हे चित्र कसे सुचले याची त्याने स्वतः सांगितलेली हकीकत सर्वांना ठाऊक असते: रात्री डोके दुखत होते म्हणून तो घरी थांबला, त्याची सहचरी गाला मित्रांबरोबर सिनेमाला गेली, टेबलावर ओघळू लागलेले कॅमाँबेर चीज पाहून त्याला मऊ घड्याळे सुचली आणि दोनेक तासांत चित्र पुरे झाले. मात्र याच हकिकतीतला एक तपशील बहुतेक जण गाळतात. खडक, समुद्र, कातरवेळचा उजेड आणि तुटक्या फांदीचे ऑलिव्हचे झाड हे सारे आधीच रंगवून तयार होते आणि त्यात काय मांडावे याचा विचार तो करीत होता. ज्याला आपण प्रतिभेचा झटका म्हणतो, त्याची जमीन अशी आधी घोटून घेतलेली होती.

आता सोंगाकडे येतो. १९३६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या अतिवास्तववादी प्रदर्शनात तो पाणबुड्याचा जड पोशाख आणि धातूचे शिरस्त्राण चढवून, दोन शिकारी कुत्रे बरोबर घेऊन व्याख्यानाला उभा राहिला, कारण त्याला म्हणे सुप्त मनाच्या तळाशी उतरायचे होते. आत हवा पोहोचेना, तो हातवारे करू लागला, आणि श्रोते हा कार्यक्रमाचाच भाग समजून खूश होत राहिले. शेवटी शिरस्त्राण काढले म्हणून तो वाचला. १९५५ साली पॅरिसच्या सोरबॉन विद्यापीठात व्याख्यानाला जाताना त्याने रोल्स रॉइस गाडी फ्लॉवरच्या गड्ड्यांनी भरून नेली. मग चॉकलेटच्या जाहिराती आल्या, १९६९ साली चुपाचुप्स गोळीचे बोधचिन्ह आले, पुढे चित्रे छापण्यासाठी कोऱ्या कागदांवर केलेल्या हजारो सह्या आल्या. अतिवास्तववाद्यांचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँ याने त्याच्या नावातली अक्षरे फिरवून ‘आविदा डॉलर्स’, म्हणजे डॉलरची हावरट, असे नाव पाडले, त्यात द्वेष असेल. पण ते खोटे होते असे म्हणवत नाही.

आडवाट

मी धागाकर्त्यांशी सहमत नाही. सोंग होते हे कोणीच नाकारत नाही. एखाद्याला जन्मभर सोंग घेऊन राहण्याची गरज का पडावी, हा खरा प्रश्न आहे आणि तो आपण विचारलेलाच नाही.

दालीचा जन्म ११ मे १९०४ रोजी फिगेरेस गावी झाला. त्याच्या सुमारे नऊ महिने आधी त्याचा थोरला भाऊ लहानपणीच वारला होता आणि त्याचेही नाव साल्वादोरच होते. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवतात, पण ते नाव भरल्या आयुष्याचे असते. दुसऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या बाळपणाचे नाव घेऊन वाढणे ही वेगळीच गोष्ट आहे, आणि आपण तो मेलेला भाऊ नव्हे हे सिद्ध करण्यासाठीच ही सगळी आरडाओरड, असे दालीने स्वतः सांगितले आहे. वयाच्या साठीला टेकल्यावर, १९६३ साली, त्याने त्या कधीही न पाहिलेल्या भावाचे चित्र चेरीच्या फळांसारख्या ठिपक्यांतून रंगवले. ज्याला केवळ बाजार साधायचा असतो, तो साठ वर्षे एकाच थडग्याभोवती फिरत नाही.

दुसरे असे की त्याच्या ज्या पद्धतीला ‘पॅरनॉइक-क्रिटिकल’ म्हणतात, ती वेड आणि शिस्त यांत निवड करायला सांगतच नाही. संशयाने पछाडलेल्या माणसाला प्रत्येक वस्तूत आपल्या संशयाचा पुरावा दिसतो. दालीने तसे पाहण्याची सवय जाणूनबुजून लावून घेतली आणि दिसले ते मग थंड डोक्याने रंगवले. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच चित्रकार मिले याच्या ‘आंजेल्युस’ या चित्रात शेतकरी नवराबायको सांजेच्या प्रार्थनेला माना खाली घालून उभे आहेत. दाली कित्येक वर्षे हट्टाने सांगत राहिला की ते प्रार्थना करीत नसून मेलेल्या मुलाला मूठमाती देत आहेत. पुढे लूव्हर संग्रहालयात त्या चित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा दोघांच्या मधल्या जागी, वरच्या रंगाखाली, एक काळसर भौमितिक आकार निघाला. ती शवपेटीच होती असे त्यावरून ठरत नाही, हे मान्य. पण मेलेले मूल त्याला इतरांच्या चित्रांतही दिसत होते. हे सोंग असेल, तर ते त्याने झोपेतही उतरवलेले दिसत नाही.

गेरू

मी गेली बावीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवतो, म्हणून थोडे कुंचल्याच्या बाजूने लिहितो. वरचे दोघेही दालीने स्वतःविषयी सांगितलेल्या गोष्टींवरच भांडत आहेत, आणि स्वतःविषयी सांगण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

दोन तासांच्या घड्याळांसमोर १९४५ सालची ‘पावाची टोपली’ ठेवून पाहा. वेताच्या लहानशा टोपलीत पावाचा एक कापलेला तुकडा आहे, टोपली लाकडी टेबलाच्या अगदी काठावर आहे, मागे गडद काळोख आहे, आणि बस्स. दालीच्या नेहमीच्या मुंग्या नाहीत, कुबड्या नाहीत, काहीही वितळत नाही. हे चित्र आपण सलग दोन महिने रोज चार तास बसून केले, असे त्याने सांगितले आहे, आणि यावर मात्र माझा विश्वास बसतो, कारण तसे बसल्याशिवाय पावाच्या कडेचा खरपूस पापुद्रा आणि आतला मऊपणा यांतला फरक कुंचल्याला सापडत नाही. तरीही ते चित्र पाहताना पोटात गोळा येतो. का, तर टोपली काठावर आहे आणि तिच्यावर पडलेला उजेड जरा जास्तच निश्चल आहे. विक्षिप्तपणा हवाच असेल तर तो इथे शोधावा.

१९४८ साली चित्रकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात त्याने दुपारच्या डुलकीचा पाठ दिला आहे. हातांच्या आरामखुर्चीत बसावे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक जड किल्ली सैल धरावी, खाली जमिनीवर ताटली उपडी ठेवावी. डोळा लागताच किल्ली सुटते, ताटलीवर आपटून खणकन आवाज होतो आणि माणूस जागा होतो. तेवढी पळभराची झोप पुरे, असे तो सांगतो. मी हे करून पाहिले. पहिल्या दोन दुपारी स्टीलची ताटली घेतली आणि घरच्यांनी स्वयंपाकघरातून धाव घेतली. तिसऱ्या दुपारी मात्र किल्ली पडायच्या बेतात असताना जे दिसले ते अजून माझ्या वहीत आहे.

१९३८ साली लंडनमध्ये दाली मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याला भेटला. त्यानंतर फ्रॉइडने लेखक श्टेफान त्स्वाइगला पत्र लिहिले. आजवर आपण या अतिवास्तववाद्यांना ठार मूर्ख समजत होतो, पण या तरुण स्पॅनिश माणसाने फेरविचार करायला लावला, असे त्याचे म्हणणे होते. कशामुळे, तर त्याचे झपाटलेले डोळे आणि निर्विवाद तांत्रिक प्रभुत्व यांमुळे. म्हाताऱ्याने डोळे आणि हात एका वाक्यात बसवले, तेवढे आपल्याला इथे चार प्रतिसादांत जमलेले नाही.

खवचट

घड्याळे दोन तासांत आणि पाव दोन महिन्यांत. चीज मात्र लगेच संपले असावे.

मध्यान्ह

इथवर सगळे गोड चालले आहे, म्हणून कडू लिहितो. ‘विक्षिप्त’ हा शब्दच मला संशयास्पद वाटतो, कारण तो चिकटवला की माणसाला कशाचाच जाब विचारायचा नसतो.

फेब्रुवारी १९३४ मध्ये ब्रेताँ आणि मंडळींनी दालीला जाब देण्यासाठी बोलावले. हिटलरविषयी त्याला वाटणारे आकर्षण हा एक आरोप होता आणि लेनिनची विटंबना करणारे चित्र हा दुसरा. दाली एकावर एक स्वेटर घालून आणि तोंडात थर्मामीटर धरून हजर झाला, बोलता बोलता मध्येच ताप पाहू लागला, एकेक स्वेटर उतरवू लागला, आणि जे गंभीर व्हायचे होते त्याचा तमाशा झाला. हा प्रसंग आपण हसत सांगतो. मला तो अजिबात हसण्यासारखा वाटत नाही, कारण प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर कधीच आले नाही.

कवी लोर्का हा माद्रिदच्या विद्यार्थिगृहातला त्याचा जिवलग मित्र. १९३६ च्या ऑगस्टमध्ये, स्पेनच्या यादवी युद्धात, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी त्याला ग्रानादाजवळ गोळ्या घातल्या. त्यानंतर दाली १९४८ साली फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला, त्या राजवटीचे गोडवे गात राहिला आणि १९७५ साली पाच जणांना मृत्युदंड दिला गेला तेव्हा त्याने फ्रँकोचे अभिनंदन केले. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेलने १९४४ मध्येच लिहिले होते की दाली उत्तम रेखाटनकार आहे आणि किळसवाणा माणूस आहे, ही दोन्ही सत्ये एकाच वेळी डोक्यात ठेवता आली पाहिजेत. आडवाट, तुम्ही भावाच्या थडग्याविषयी लिहिलेत ते हृद्य आहे. पण मित्राच्या थडग्याचे काय? लोर्काचे तर अवशेषही आजवर सापडलेले नाहीत.

आडवाट

मध्यान्ह, याला माझ्याकडे उत्तर नाही. यादवी युद्ध सुरू होण्याआधीच रंगवलेले ‘उकडलेल्या वालांसह मऊ रचना’ हे त्याचे चित्र मी मांडणार होते. त्यात एकच देह स्वतःचेच अवयव पिळवटून फाडतो आहे आणि पायथ्याशी वाल सांडले आहेत. पुढे येणारी यादवी त्याला दिसली होती, असा माझा मुद्दा होता. पण ज्याला इतके स्पष्ट दिसले त्याने नंतर काय केले, हा तुमचा प्रश्न त्यामुळे सौम्य न होता अधिकच टोकदार होतो.

निवृत्त महाराजा

विषय बदलत नाही, पण आपल्या मुंबईशी असलेला धागा नोंदवतो. १९६७ साली एअर इंडियाने दालीकडून राखदाणी करवून घेतली. निवडक प्रवाशांना भेट देण्यासाठी तिच्या मोजक्या प्रती चिनी मातीत घडवल्या होत्या. मी पुढे नोकरीत असताना त्यांपैकी एक नरिमन पॉइंटच्या इमारतीत दोन्ही हातांत धरून पाहिली आहे. मध्ये शिंपला, कडेने वेटोळे घातलेला साप, आणि खाली आधाराला हंस व हत्ती. गंमत अशी की ती उपडी केली की हंसाचा हत्ती होतो आणि हत्तीचा हंस. ‘हत्तींचे प्रतिबिंब पाडणारे हंस’ या त्याच्या १९३७ च्या चित्रातली हीच युक्ती आहे. फरक एवढाच की चित्रात ती पाण्याने साधली आहे आणि इथे आपल्या मनगटाने.

मानधन म्हणून त्याने हत्तीचे पिल्लू मागितले. कंपनीने ते बंगलोरहून विमानाने जिनिव्हाला आणि तिथून ट्रकने त्याच्या गावापर्यंत पोहोचवले. धागाकर्त्यांना हे सोंगच वाटेल. पण सिगारेटची राख झटकायच्या वस्तूतही त्याने तीस वर्षांपूर्वीचा आकृतीचा प्रश्न पुन्हा सोडवून दाखवला, एवढे तरी लक्षात घ्यावे.

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

त्या पिल्लाने बंगलोर सोडून भूमध्य समुद्रकाठी काय मिळवले, हेही लक्षात घ्यावे असे मी म्हणेन. पुढे त्याची रवानगी प्राणिसंग्रहालयातच झाली. विक्षिप्तपणाचा खर्च नेहमी दुसरेच कोणी भरते, या मध्यान्ह यांच्या मुद्द्यात तेही बसते.

गेरूंचे म्हणणे मात्र मला मागे सरायला लावते. सोंग आणि शिस्त वेगळी आहेत असे मी लिहिले होते. किल्ली आणि ताटलीच्या पाठात ती वेगळी काढता येत नाहीत. तिथे शिस्तच विचित्र आहे. तेवढी दुरुस्ती करतो. सह्या केलेल्या कोऱ्या कागदांबद्दलचे माझे मत कायम आहे. त्या कागदांनी त्याच्या उत्तरकाळातल्या छापील चित्रांचा बाजार असा गढूळ केला की कोणती प्रत त्याची आणि कोणती नाही हे ठरवताना आजही जाणकारांची दमछाक होते. पावाच्या टोपलीला दोन महिने देणाऱ्या माणसाने हे केले, हे मला अजून पटत नाही.

गेरू

पटू नयेच. जाता जाता एक निरीक्षण: घड्याळांच्या त्या चित्रात चार घड्याळे आहेत आणि वितळलेली तीनच आहेत. चौथे, डावीकडचे नारिंगी, टणक आहे, झाकण लावलेले आणि पालथे, आणि नेमक्या त्याच्याच पाठीवर मुंग्या दाटल्या आहेत. मुलांना हे चित्र दाखवताना मी आधी मऊ घड्याळे हाताने झाकतो आणि उरलेल्या त्या एका घड्याळाविषयी विचारतो. गेल्या वर्षी सातवीतली एक मुलगी म्हणाली, “सर, ह्याचा काटा दिसत नाहीये, म्हणजे ते आतून चालू असेल.”