मदत हवी आहे : आमचं रेडकू बाजूनं गाढव दिसतंय

नमस्कार मंडळी. लहान मुलांच्या टीव्ही मालिकेसाठी एक कॅरॅक्टर घडवतोय. कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं हट्टी रेडकू. स्वभाव ठरलाय: त्याला सगळं आत्ताच्या आत्ता पाहिजे, आणि पाण्याची भीती वाटते. (म्हशीच्या पोराला पाण्याची भीती, निम्मी गंमत तिथंच आहे.)

अडलंय ते चित्रात. समोरून झकास दिसतं, पण टर्नअराउंड (तेच कॅरॅक्टर सगळ्या बाजूंनी) काढताना बाजूनं तोंड लांबतं आणि थेट गाढव होतं. नुसतं काळं भरून आकृती बघितली तर कान कुठले, शिंगांचे कोंब कुठले, कळत नाही. कोंब उडवू, की कान आडवे पाडू?

दुसरं म्हणजे, 11 मिनिटांचा भाग, सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे 16,500 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 8,250 चित्रं. हातानं होणं नाही, म्हणून कट-आउट रिग (सुटे अवयव सांध्यांवर जोडून संगणकावर हलवायची बाहुली) करायचं म्हणतोय. मग चार पायांवर चालवू की दोन? दोन पायांवर हातवारे सोपे, पण रेडकूपण जातं असं माझं मत.

कोल्हापुरात कुणी रिगिंग करणारं असेल तर सांगा. स्केचेस दाखवायला मीच येतो, चहा माझ्याकडून.